सांबलूरवासी रवि आणि बाकी सगळे

गोव्यात साखळीजवळ हरवळ्याच्या गुहा आहेत. लोक त्यांना पांडवांच्या गुहा म्हणतात. जांभ्यात कोरलेलं काहीही दिसलं की ते पांडवांच्या नावावर लावून मोकळं व्हायची आपली जुनी सवय. त्या गुहांतल्या एका लिंगाच्या दगडावर ब्राह्मी वळणाच्या अक्षरांत एवढंच कोरलेलं आहे: सांबलूरवासी रवि. अक्षरांवरून ते साधारण सातव्या शतकातलं मानलं जातं. रवि म्हणजे सूर्यदेव असेल, नाही तर सांबलूर गावचा कुणी हौशी किंवा दानशूर गृहस्थ असेल. तेराशे वर्षं त्याचं नाव तिथं टिकून आहे, आणि आपण चष्मा सावरून ते आदराने बघतो.

यंदा पाऊस सरता सरता आमचा वाचकगट ज्या गुहेत गेला, तिथं रवि नव्हता. बाकी सगळे होते. निळ्या ऑइलपेंटमधले, पांढऱ्या ऑइलपेंटमधले, चावीने किंवा सुरीच्या टोकाने कोरलेले, बदामातले आणि बदामाबाहेरचे. एकाने नावाखाली गावही लिहिलं होतं. गटातल्या कॉलेजातल्या मुलाने ते वाचलं आणि म्हणाला, "हा पण वासीच. फक्त ह्याला तेराशे वर्षं थांबावं लागणार."

सगळे हसले. मास्तर हसले नाहीत. हसू ओसरल्यावर मलाही कळेना की याला उत्तर काय द्यायचं. कारण प्रश्न अगदीच फालतू नव्हता.

गुहा डिचोली तालुक्यात आहे, एवढंच सांगते. नाव मुद्दाम लिहीत नाही, त्याबद्दल पुढे बोलेन. आमचा गट म्हणजे ग्रंथालयात महिन्यातून एकदा जमणारी मंडळी. भूगोल शिकवून निवृत्त झालेले मास्तर, एक सिव्हिल इंजिनिअर, बँकेतल्या दोघीजणी, दोन कॉलेजकुमार आणि मी. नाक्यावरच्या हॉटेलात पातळ भाजी, उंडे आणि मिरची भजी खाऊन निघालो. वाट दाखवायला गावातला एक बाब बरोबर होता. चवथीला माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या रानफळांच्या मांडवीचं सामान आणायला तो दर वर्षी त्या रानात जातो, कवंडळं आणि माट्टीची फळं कुठं मिळतात ते त्याला पाठ आहे. किंदळ फुलला होता. सड्यावरून खाली उतरताना पायाखाली पाणी वाहत होतं. "हो रस्तो न्हय, व्हाळ," म्हणजे हा रस्ता नव्हे, ओहोळ, असं बाब म्हणाला, आणि त्याच व्हाळातून आम्हाला खाली घेऊन गेला. जळवांचा हिशेब सोडून देते.

वाटेत बँकेतल्या एकीने विचारलं, गुहेला राखणदार, म्हणजे जागेची राखण करणारा देवचार, आहे का? गोव्यात हा प्रश्न थट्टेत विचारला तरी उत्तर थट्टेत मिळत नाही. बाब थांबला आणि म्हणाला, "राखणदार आसा मगो, पूण तोय आतां जाणटो जाला." म्हणजे तोही आता म्हातारा झाला.

गुहा लहान आहे. पुढे ओसरीसारखी जागा, मग एक दालन, त्याच्या डाव्या हाताला आणखी एक बुटकं दालन. मधला खांब खडकातच ठेवलेला, चौकोनी, कसलंही नक्षीकाम नसलेला. भिंतीत दिव्याचे कोनाडे. खांडेपारच्या गुहेत छताला कमळ आहे, तसं इथं काही नाही. छताला आहे ती काजळी. कुणी तरी आत शेकोटी पेटवून पार्टी केली होती, कदाचित अनेकांनी अनेकदा. शेकोटीच्या वरच्या बाजूला जांभ्याचे पापुद्रे सुटून खाली पडले होते आणि त्यांच्यातच बिअरच्या बाटल्यांच्या काचा मिसळल्या होत्या. मास्तरांनी पहिल्यांदा चपला न काढायला सांगितलं, हेही मी पहिल्यांदाच ऐकत होते.

आमच्या गटात राग यायला वेळ लागला नाही. इंजिनिअरने पाठपिशवीतून थिनरची बाटली आणि तारेचा ब्रश काढला. गुहेची अवस्था बाबने आधीच फोनवर सांगितली होती, त्यामुळे तो तयारीने आला होता. नावं घासून काढू, दोन तासांचं काम आहे, असा त्याचा हिशेब. त्याचा राग खरा होता, आणि काही तरी करायचं म्हणून आलेला तो एकटाच होता, हेही खरं.

मास्तरांनी त्याचा हात धरला आणि टॉर्च मागितली. मग त्यांनी जे दाखवलं ते मी अजून विसरलेले नाही.

टॉर्च सरळ भिंतीवर मारली तर भिंत नुसती तांबूस, खडबडीत दिसते. मास्तरांनी टॉर्च भिंतीला जवळजवळ चिकटवली आणि उजेड तिरका सोडला. भिंत एकदम उठली. वरून खाली, किंचित डावीकडे कलत गेलेल्या समांतर रेघा, एकीशेजारी एक, बोटभर अंतरावर. छिन्नीचे घाव. कुणा कारागिराने एकेका घावात जितका दगड काढला तितकाच त्या रेघेचा खोलगटपणा. कोपऱ्यात वळताना घाव आखूड झाले होते, कारण तिथं हात पुरेसा मागे नेता येत नाही. एका जागी रेघांची दिशाच उलटी होती. "हा डावखुरा," मास्तर म्हणाले, आणि मग स्वतःच म्हणाले, "किंवा दुसऱ्या बाजूने बसला असेल, कोण जाणे." सगळ्या रेघांच्या कडा बोथट झालेल्या, रंग भिंतीसारखाच काळपट तांबडा, मधूनमधून शेवाळाचा हिरवा पुसट हात. आणि या सगळ्याला आडवं छेदून गेलेलं एक नाव. त्याच्या कडा धारदार होत्या, आतला रंग पिवळट केशरी. बोट लावलं तर पीठ हाताला लागलं.

जांभ्याची गंमत अशी की खाणीतून काढताना तो मऊ असतो. हवा लागली, ऊनपाऊस झाला की त्यातलं लोह त्याला वरून घट्ट करत जातं. म्हणून तर आपल्याकडे चिरे काढायचे, काही दिवस बाहेर ठेवायचे आणि मग भिंत चढवायची. गुहेच्या भिंतीवर हा वरचा घट्ट थर शेकडो वर्षांत तयार झालेला आहे. चावीने कोरलेलं नाव तो थर फोडून आतल्या मऊ दगडापर्यंत पोचतं. मग पावसाळ्यात भिंतीतून झिरपणारं पाणी नेमकी तीच वाट धरतं, आणि नाव वाचता येईनासं झालं तरी त्याच्याभोवतीचा दगड झडत राहतो. तारेचा ब्रश मारला असता तर आम्हीही तेच केलं असतं, फक्त भिंतभर. आणि जांभा इतका सच्छिद्र की थिनरने विरघळलेला रंग बाहेर येण्याऐवजी आत शोषला जातो. वरचं नाव पुसट होतं आणि खाली कायमचा निळा डाग बसतो. जाणकार लोक अशा ठिकाणी आधी एका कोपऱ्यात बोटभर जागेवर करून बघतात. द्रावकात भिजवलेल्या मातीचा किंवा कागदाच्या लगद्याचा लेप लावतात, तो सुकताना रंग स्वतःकडे ओढून घेतो. पुन्हा लावतात, पुन्हा वाट बघतात. दोन तासांचं काम नव्हे.

इंजिनिअरने ब्रश पिशवीत टाकला. थोडा रुसला. मग काचा वेचायला बसला, आणि सगळ्यांत जास्त काचा त्यानेच वेचल्या.

खरा खड्डा आतल्या बुटक्या दालनात होता.

तिथं कधीकाळी लिंग असावं. शाळुंकेची बैठक होती, पण ती उपटून बाजूला उलटी टाकलेली, तिचा एक कोपरा फुटलेला. ती जिथं बसवलेली होती तिथं कंबरभर खोल खणलेलं होतं. पहारीचे घाव अजून स्पष्ट दिसत होते. काठावर सुकलेली लिंबं, कुंकू, मेणबत्तीचा मेण. लिंगाखाली सोनं असतं, या आशेवर अमावास्येला येऊन खणणारी माणसं आपल्या मुलखात नवी नाहीत. सोनं कुणाला मिळाल्याचं मी अजून ऐकलेलं नाही; मिळालं असतं तर त्याने सांगितलं कशाला असतं, हा बाबचा मुद्दा. पण त्या खड्ड्यात जे खरोखर होतं, म्हणजे मातीचे थर, कदाचित खापराचा एखादा तुकडा, ही गुहा कुणी कधी वापरली हे सांगू शकणारी एखादी खूण, ते सगळं उकिरड्यासारखं बाहेर फेकलेलं होतं. भिंतीवरच्या नावांनी गुहा विद्रूप झाली. या खड्ड्याने तिची साक्षच गेली.

आणि तरी, परत येताना बोलणं झालं ते नावांबद्दलच. बदाम काढणाऱ्या पोरांना कसं फोडून काढायला पाहिजे, पालकांचं लक्ष नाही, मोबाईलने वाट लावली, पर्यटक असले वागतात. खड्ड्याबद्दल कुणी फार बोलेना. मला वाटतं त्याचं कारण साधं आहे. ऑइलपेंटवाला आपल्याला परका वाटतो. लिंबू-कुंकूवाला आपल्याच आळीतला असू शकतो.

तोडफोड म्हटली की गोव्यात बोट आपोआप पोर्तुगिजांकडे वळतं, आणि ते उगाच नाही. तिसवाडीतली देवळं 1540 च्या सुमारास पाडली गेली, सासष्टीतली 1567 मध्ये. कुशस्थळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा, वेर्ण्याची म्हाळसा नदी ओलांडून अंत्रूज महालात, म्हणजे आजच्या फोंड्यात, आल्या त्या याच काळात. हे प्रत्येक गोवेकराला ठाऊक आहे. पण डिचोली, सत्तरी, फोंडा, सांगे हा मुलूख म्हणजे नव्या काबिजादी. तो पोर्तुगिजांच्या हाती आला 18व्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि तोवर देवळं पाडण्याचं त्यांचं धोरण मागे पडलेलं होतं. हरवळे, लामगाव, खांडेपार, रिवण, जांभ्यातल्या आपल्या बहुतेक नावाजलेल्या गुहा याच पट्ट्यात आहेत. शतकानुशतकं त्या आपल्याच गावांच्या, आपल्याच देवांच्या ताब्यात होत्या. लामगावच्या गुहा मुळात बौद्धांच्या असाव्यात असं अभ्यासक म्हणतात. पुढे तिथं शिवलिंग आलं, नंदी आला. तेव्हा इथल्या गुहेत जे काही बिघडलं असेल, त्याचा हिशेब मागायला आपल्याला लिस्बनला जाता येत नाही. हे मी गाडीत बोलून दाखवलं तर बँकेतली मैत्रीण म्हणाली, "तू मूड घालवू नको."

मूड गेलेलाच होता, कारण येताना आम्ही गुहेच्या पुढची ओसरी नीट बघितली होती. आत जाताना अंधाराच्या ओढीने ती दिसलीच नव्हती. ओसरीच्या अर्ध्या भागात सिमेंटचा कोबा होता. दाराच्या दोन्ही खांबांना हिरवा रंग. एका बाजूला बाथरूमला लावतात तसल्या पांढऱ्या टाइल्स, वीतभर उंचीपर्यंत, आणि त्यांच्या मागून झिरपलेलं पाणी टाइल्स फुगवून बाहेर येऊ पाहत होतं. हे कुणा दारुड्याने केलेलं नव्हतं. हे गावाने वर्गणी काढून, मोठ्या भक्तीने केलेलं काम होतं. बाबनेच सांगितलं, त्याच्या काकाने दोन पोती सिमेंट डोक्यावरून त्या व्हाळातून खाली आणलं होतं. त्याच्या आवाजात अभिमान होता. त्याच्यासमोर मी काय बोलणार?

आता कॉलेजकुमाराच्या प्रश्नाकडे येते. हरवळ्याचा रवि थोर आणि हा निळा बदामवाला गुन्हेगार, हे कसं? मला सुचलेलं उत्तर असं. हरवळ्याची अक्षरं ज्या दगडावर आहेत तो पूजेसाठीच तिथं बसवलेला आहे. कुणी तरी जागा ठरवली असेल, कुणी तरी कारागीर बोलावला असेल, आणि पूजा करणाऱ्यांच्या संमतीने ते नाव तिथं आलं असावं. रविने दुसऱ्या कुणाचे घाव पुसले नाहीत. आमच्या गुहेतल्या नावांनी त्या छिन्नीवाल्याला खोडलं, त्याने तर नावसुद्धा ठेवलेलं नव्हतं. मुलाला हे पटलं असं वाटत नाही. तो म्हणाला, मग टाइल्स लावणाऱ्यांचीही संमती होतीच की, गावाची. मुद्दा बरोबर आहे, आणि तो अजून माझ्या डोक्यात फिरतो आहे.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगते. केंद्राच्या 1958 च्या कायद्यात 2010 मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हापासून संरक्षित स्मारकाची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. गोव्याचा स्वतःचा कायदा 1978 चा आहे. दोन्ही कायद्यांत खरा शब्द 'संरक्षित' हा. ज्या गुहेचं नाव कुठल्याच यादीत नाही, तिथं खणणाऱ्याला निदान या कायद्यांची तरी भीती नाही. आम्ही गुहेची मापं घेतली, तिरक्या उजेडात फोटो काढले, खड्ड्याच्या शेजारी पट्टी ठेवून त्याचेही काढले, आणि मास्तरांच्या सहीने सगळं अर्जासोबत दिलं. आधीचेही काही अर्ज असतील, नंतरचेही असतील.

नाव न लिहिण्यावरून गटात दोन तट आहेत. मास्तरांचं म्हणणं, लपवून काही टिकत नाही. रिवणजवळ कुशावतीच्या काठी उसगाळीमळला जांभ्याच्या सपाट खडकावर बैल, मोर, चक्रव्यूहासारख्या गोल रेघा कोरलेल्या आहेत. गावातल्या लोकांना त्या ठाऊक होत्या, गुराख्यांनी पायाच्या अंगठ्याने काढल्या असं ते सांगत. 1993 मध्ये त्या सगळ्यांसमोर आल्या, त्यांचा अभ्यास झाला, नकाशावर नाव आलं. ते झालं नसतं तर आज त्यांची काय गत असती? हे सगळं मला मान्य आहे. पण 1993 मध्ये खिशात कॅमेरा घेऊन फिरणारा माणूस विरळा होता, आणि एका फोटोवरून दुसऱ्या दिवशी चाळीस मोटरसायकली सड्यावर येत नव्हत्या. आज आधी मोटरसायकली येतात, पहारेकरी नंतर, आलाच तर. म्हणून आधी यादीत नाव येऊ दे, दाराशी माणूस बसू दे, मग मी इथंच पत्ता देईन, व्हाळासकट. तोवर कुणी विचारू नका. ज्यांना खरंच बघायचं आहे त्यांच्यासाठी हरवळे आणि खांडेपार आहेतच, आणि तिथंही टॉर्च तिरकी धरली तर बरंच दिसतं.

गावाचं मात्र वेगळंच चाललं आहे. बाबचा गेल्या आठवड्यात फोन आला. देवस्थान समितीने गुहेचा जीर्णोद्धार करायचं ठरवलं आहे. शाळुंका पुन्हा बसवणार, खड्डा सिमेंटने बुजवणार, आतल्या भिंतींना खालपासून वरपर्यंत टाइल्स, म्हणजे पुन्हा कुणी नावं लिहायला नको. इंजिनिअरला अंदाजपत्रक करून देशील का म्हणून विचारलं आहे, आणि आम्हा सगळ्यांना पावती पुस्तक पाठवणार आहेत.

इंजिनिअरने नाही म्हटलेलं नाही. तो त्याच्या पद्धतीने विचार करतो आहे. गावकऱ्यांची मूळ तक्रार आहे पाण्याची: पावसाळ्यात आत दिवा टिकत नाही, पुजाऱ्याचे पाय घसरतात. ती खरी आहे. गोव्यात वर्षाला 120 इंचांच्या आसपास पाऊस पडतो, सडा ते सगळं पितो आणि गुहेच्या छतातून खाली सोडतो. आतून टाइल्स लावल्या तरी पाणी थांबणार नाही, फक्त टाइल्सच्या मागे साचेल आणि दगड आतून कुजवेल. ओसरीत ते झालेलंच आहे. त्यापेक्षा सड्यावर, गुहेच्या डोक्यावरून थोडं मागे, अर्धचंद्राकार चर खणून पाणी बाजूच्या व्हाळात वळवलं तर खर्च टाइल्सच्या पावपटही येणार नाही. खड्ड्यात सिमेंट न घालता बाहेर फेकलेलीच माती चाळून परत भरायची, शाळुंका तूर्त नुसती सरळ करून ठेवायची. दाराला कुलूप लागेल असा लोखंडी दरवाजा, पण खडकाला भोक न पाडता, ओसरीच्या बाहेर स्वतंत्र खांबांवर. चावी गावाकडे. एवढं एका कागदावर त्याने काढलं आहे, आणि चांगलं काढलं आहे.

समितीची बैठक दसऱ्यानंतरच्या रविवारी आहे. मास्तर म्हणतात आपण पाहुणे, मागे बसायचं, विचारलं तरच बोलायचं. बाबच्या काकाच्या शेजारी मला जागा मिळाली तर बरं, कारण टाइल्स नकोत हे आधी त्यांनाच पटवायला लागणार आहे, आणि सिमेंटची दोन पोती त्यांनीच आणली होती.